चर्चिलचं ४ जून १९४० चं भाषण वर्गात कसं घ्यावं

मी नववीला इतिहास शिकवते. या भाषणाची ध्वनिफीत लावून तास सुरू करू नका. आपण ऐकतो ती फीत चर्चिलनं १९४९ मध्ये नोंदवलेली आहे. ४ जूनला तो संसदेत बोलला आणि संध्याकाळी बीबीसीच्या निवेदकानं उतारे वाचून दाखवले. हे सांगितलं की मागच्या बाकावरचेही कान टवकारतात.

आधी फळ्यावर इंग्लिश खाडी काढा. डोव्हरपासून फ्रान्सचा किनारा जेमतेम ३३ किलोमीटर. जर्मनांनी वेढलेल्या डंकर्क या फ्रेंच बंदरातून ३ लाख ३८ हजार दोस्त सैनिक सुटले, पण तोफा, रणगाडे, ट्रक तिथंच राहिले. हे डोक्यात बसलं नाही तर भाषण नुसती घोषणाबाजी वाटतं.

मग छापील भाषण वाचा, पहिल्यापासून. ‘किनाऱ्यांवर लढू’ हा गाजलेला भाग अगदी शेवटी येतो. त्याआधी सगळा पराभवाचा हिशेब आहे. माघारीनं युद्धं जिंकली जात नाहीत, हे पंतप्रधान स्वतःच सांगतो! मला खरा चर्चिल तिथं दिसतो.

ब्रिटनच्या सामान्य लोकांसाठी वेळ राखून ठेवा. शत्रू उतरेल या भीतीनं त्यांचं रोजचं जगणं बदललं. रस्त्यांवरच्या दिशादर्शक पाट्या काढल्या गेल्या. चर्चच्या घंटा बंद झाल्या. त्या फक्त शत्रू उतरल्यावर वाजणार होत्या. युद्धमंत्री ईडनच्या रेडिओवरच्या हाकेनंतर उभ्या राहिलेल्या होमगार्डला, म्हणजे स्वयंसेवक नागरिकांच्या दलाला, सुरुवातीला बंदुकाही पुरल्या नाहीत.

चर्चिल पंतप्रधान असताना पडलेल्या बंगालच्या दुष्काळाबद्दल कुणीतरी विचारेलच. टाळू नका, १९४३ साठी वेगळा तास ठेवा.

गृहपाठ: १७ सप्टेंबर १९४० ला हिटलरनं ब्रिटनवरची स्वारी पुढं ढकलली. विमानं, जहाजं, हवामान यांपैकी कशामुळं?