ओला हात फोनला न लावता उन्हाळ्यातला स्वयंपाक

उन्हाळ्यात माझा स्वयंपाक बिघडायचा तो उकाड्यामुळे नाही, फोनमुळे. म्हणजे व्हायचं काय, बटाटे उकडायला ठेवले आणि किती वेळ ठेवायचे एवढंच बघायला ब्राउझर उघडला, तिथून रेसिपीच्या एका पानावर गेले, पानावरचा व्हिडिओ आपोआप सुरू झाला, त्याने चालू गाणं बंद पाडलं, गाणं परत लावायला गेले तर अ‍ॅपने नवा अल्बम पुढे केला, आणि भानावर आले तेव्हा पातेल्यातलं पाणी आटून बटाटे तळाला चिकटलेले. किचन तोवर भट्टी झालेलं. दोनतीनदा असं झाल्यावर ठरवलं, फोनचं जे काय करायचं ते हात कोरडे असताना करायचं आणि एकदा विळी-सुरी हातात घेतली की फोन फक्त ऐकायचा, बघायचा नाही.

आता हे कसं करायचं ते सांगते, क्रम थोडा मागेपुढे होईल, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट, गाणी हाच टायमर. साधारण गाणं तीन-चार मिनिटांचं असतं, म्हणजे तीन गाण्यांत दहा मिनिटं जातात आणि तेवढ्यात उकळत्या पाण्यातलं अंडं घट्ट शिजतं. फक्त त्यासाठी प्लेलिस्ट वेगळी बनवायची, सहा-सात गाण्यांची, वीसबावीस मिनिटांत संपेल अशी (एकूण वेळ प्लेलिस्टच्या वरच लिहिलेला असतो, बेरीज करत बसू नका). शफल बंद, नाहीतर तिसरं गाणं कुठलं हेच कळणार नाही. तिसरं गाणं मुद्दाम असं ठेवायचं की सुरू झालं की लगेच ओळखू येईल, मी तिथे ढोलाचा ठेका असलेलं ठेवलंय, दुसऱ्या खोलीत असले तरी कळतं की आता गॅसकडे जायची वेळ झाली. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ऑटोप्ले बंद करा. ते चालू असलं की तुमची प्लेलिस्ट संपल्यावर अ‍ॅप स्वतःच्या मनाने तसलीच गाणी लावत राहतं आणि वेळ संपली हे कळतच नाही. ऑटोप्ले बंद असलं की आवाज थांबतो, आणि गाणं थांबलं की माणूस आपोआप मान वर करून बघतो. तळण वगैरे करत असाल तर मात्र हा प्रकार नको, तिथे कढईसमोरच उभं राहायचं.

प्लेलिस्ट वायफायवर असतानाच डाउनलोड करून ठेवा. हिशोब सोपाय, १६० केबीपीएस क्वालिटीला तासाला साधारण ७२ एमबी जातात, ३२० ला त्याच्या दुप्पट, १४४. किचनमध्ये एक्झॉस्टचा पंखा आणि नळाचं पाणी चालू असताना फोनच्या छोट्या स्पीकरवर या दोन्हीतला फरक कुणालाही कळणार नाही, त्यामुळे तिथे कमी क्वालिटीच ठेवा. खरा डेटा जातो तो नुसतं ऐकायला व्हिडिओ लावून ठेवल्यावर, आणि आपण सगळेच तो आळस करतो. स्पॉटिफायवर डाउनलोड करायला प्रीमियम लागतं आणि ३० दिवसांतून एकदा तरी ऑनलाइन जावं लागतं, नाहीतर डाउनलोड केलेली गाणी वाजत नाहीत, तेवढं लक्षात ठेवा. अजून एक, रोज तीच सात गाणी लावली की अ‍ॅपला वाटतं तुम्हाला जगात दुसरं काही आवडतच नाही आणि सजेशनमध्ये तेच ते यायला लागतं. त्यावर उपाय म्हणजे प्रायव्हेट सेशन, तो चालू करूनच स्वयंपाकाची गाणी लावायची.

आता ब्राउझर. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये शंभर टॅब झाले की आकड्याच्या जागी हसरा चेहरा दिसतो, मी तो बरीच वर्षं बघत होते आणि मला वाटायचं काहीतरी छान झालंय. त्यातले निम्मे टॅब रेसिपीचे होते, एकही बनवली नव्हती. आता मी एका वेळी एकच रेसिपी उघडते आणि रीडर मोडमध्ये टाकते, सफारी, फायरफॉक्स, एज सगळ्यांत तो असतो, त्याने जाहिराती आणि आपोआप वाजणारे व्हिडिओ जातात. मग फक्त साहित्य आणि मापं नोट्समध्ये कॉपी करायची आणि टॅब बंद. लॅपटॉपवर असाल तर कंट्रोल एफ दाबून ‘ग्रॅम’ किंवा ‘मिनिटं’ शोधा, आजीच्या अंगणाची आठवण वगैरे सगळं ओलांडून थेट कामाच्या ओळीवर जाता. चुकून बंद झालेला टॅब कंट्रोल शिफ्ट टी ने परत येतो, त्यामुळे बंद करायला घाबरू नका. साइटने नोटिफिकेशन पाठवू का विचारलं तर सरळ ब्लॉक.

फोनचा ऑटोलॉक तेवढ्यापुरता पाच-दहा मिनिटांवर न्या म्हणजे ओल्या बोटाने सारखं अनलॉक करत बसायला लागणार नाही. फोन गॅसच्या ओट्यावर नको. आयफोनसाठी कंपनीच ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा म्हणून सांगते, आणि उन्हाळ्यात शेगडीजवळ त्यापेक्षा जास्तच असतं. तापला की स्क्रीन अंधुक होतो, चार्जिंग थांबतं. मग लोक फोन फ्रीजमध्ये ठेवतात, ते अजिबात करू नका, आत दव धरतं.

आणि जेवण? उन्हाळ्यात माझा नियम एकच, गॅस सकाळी लवकर, दुपारी फक्त चिरणं आणि कालवणं. काबुली चणे रात्री भिजत घालायचे, आठ-दहा तास, सकाळी हवा गार असताना उकडून, निवले की फ्रीजमध्ये. दुपारी दोन काकड्या पातळ चिरून अर्धा चमचा मीठ लावून चाळणीत ठेवायच्या आणि चार गाणी जाऊ द्यायची. काकडीत ९५ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, मीठ ते बाहेर खेचतं, नाही काढलं तर नंतर दह्यात सुटतं आणि सगळं पांचट होतं. तोवर कांदा पातळ चिरून गार पाण्यात टाका, दहा मिनिटांत त्याचा तिखटपणा उतरतो. चौथं गाणं संपलं की काकडी मुठीत धरून पिळायची, खरंच पिळायची, वाटीभर हिरवट पाणी निघतं (ते मी लिंबू पिळून पिते, खारट लागतं पण घामाच्या दिवसांत बरं वाटतं). मग काकडी, चणे, निथळलेला कांदा, घट्ट दही, ठेचलेली लसणाची एक पाकळी, पुदिना, मिरपूड, वरून चमचाभर तेल. मीठ लगेच घालू नका, काकडीत आहेच. पण गार पदार्थाची चव जिभेला वेगळी जाणवते, म्हणून फ्रीजमधून काढल्यावर परत एकदा चाखा आणि तेव्हा काय ते ठरवा.

उरलं तर टेबलावर ठेवून सिनेमा बघत बसायचं नाही. शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकाच तासात. भाताच्या बाबतीत तर फारच जपा, त्यातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि भात कोमट राहिला की वाढायला लागतात, परत गरम केला म्हणून त्यांचं विष जात नाही. मोठ्या पातेल्यात न ठेवता पसरट भांड्यात काढला की पटकन निवतो.

हो, आणि जेवण झालं की ऑटोलॉक परत तीस सेकंदांवर आणा, मी विसरले होते आणि संध्याकाळी बॅटरी चार टक्के.