तापात नाडी मागे पडते आहे का, हे कसं तपासावं

ताप चढला की नाडीही पळते. मोठ्या माणसाला 102 फॅरनहाइट ताप असेल तर नाडी मिनिटाला 110 च्या आसपास हवी, 103 ला 120, 104 ला 130. यापेक्षा दहाहून जास्त ठोके कमी भरले, तर नाडी तापाच्या मानाने मंद. ‘साठच्या खाली गेली तरच मंद’ असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. 104 तापात 96 ठोके हा आकडा दिसायला अगदी नॉर्मल असतो आणि म्हणूनच नजरेतून सुटतो. न्यू ऑर्लिन्सचे डॉक्टर फाजे यांनी एकोणिसाव्या शतकात पीतज्वरात (यलो फीवर) ही खूण नोंदवली. आपल्याकडे ती टायफॉइड, स्क्रब टायफस, लेप्टो, डेंग्यू यांत दिसू शकते.

थर्मामीटर डिजिटल घ्या आणि दर वेळी एकाच जागी लावा.

खरी गोची वेळेची आहे. ती समजायला मलाही बराच काळ लागला. घरोघरच्या वहीत ताप सकाळचा आणि नाडी दुपारची असते, मधे पॅरासिटामॉल पोटात गेलेलं असतं. गोळीनंतर ताप उतरतो, पाठोपाठ नाडीही उतरते. मग गोळीआधीचा ताप आणि गोळीनंतरची नाडी शेजारी मांडून काय कळणार? दोन्ही एकाच वेळी घ्या, पुढची गोळी देण्याच्या अगदी आधी. थर्मामीटर लावला की लगेच बोटं मनगटावर. हुडहुडी भरली असेल तर ती ओसरू द्या. रोगी बाथरूमला जाऊन आला असेल तर पाच मिनिटं पडू द्या.

अंगठ्याने नाडी बघू नका, तीन बोटं ठेवा. आणि पूर्ण साठ सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची सवय इथे घातक ठरते. मोजण्यात दोन ठोक्यांची चूक झाली तर उत्तरात आठांची होते, आणि आपण शोधतोय तो फरकच दहा-वीस ठोक्यांचा. ऑक्सिमीटरवरही विसंबू नका, गार पडलेल्या किंवा थरथरणाऱ्या बोटावर तो काहीही दाखवतो. ठोके अनियमित लागत असतील तर हा हिशोब सोडून द्या आणि तेच डॉक्टरांना सांगा.

नाडी मंद भरली तर आधी औषधं तपासा. ‘बीपीची एक गोळी चालू आहे’ एवढ्यावर थांबू नका, पाकीट उलटून नाव वाचा. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल, प्रोप्रॅनोलॉल, डिल्टियाझेम, व्हेरापामिल, डिगॉक्सिन यांपैकी काही असेल तर नाडी गोळीमुळेच दबलेली असू शकते. प्रोप्रॅनोलॉल तर मायग्रेनसाठीही देतात, त्यामुळे ते बीपीच्या गोळ्यांत सापडेलच असं नाही. पेसमेकर, हार्ट ब्लॉक (हृदयातले विद्युत संदेश अडणं), रोज लांब पळणारा माणूस, तेरा वर्षांखालचं मूल यांना वरचे आकडे लावू नका.

102 च्या वरच्या तापात दिवसातून ताप-नाडीच्या तीन-चार जोड्या वेळेसकट लिहा आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. निदान त्यांना करू द्या. टायफॉइडच्या कितीतरी रुग्णांत नाडी मंद नसतेच, म्हणजे ती वेगात आहे म्हणून टायफॉइड नाही असंही धरता येत नाही. नुसत्या विडाल या टायफॉइडच्या रक्तचाचणीवर मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून सुरू करणं मला अजिबात मान्य नाही. अँटिबायोटिकच्या आधी रक्ताचं कल्चर (रक्तातले जंतू वाढवून बघणारी चाचणी) करायचं का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

टायफॉइड ठरला तरी मोजणं थांबवू नका. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ताप एकाएकी खाली आला आणि नाडी मात्र वर चढू लागली, तर ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका. आतड्यातून रक्त जात असेल किंवा आतड्याला भोक पडलं असेल. सोबत पोट दुखत असेल, शौच काळी होत असेल तर पुढच्या मोजणीची वाट न बघता रोग्याला थेट मोठ्या हॉस्पिटलात न्या.