आयात केलेली गाडी मेलबर्नहून सिडनीला नेताना नोंदणी कशी बदलावी

मेलबर्नहून सिडनीला कायमचा मुक्काम हलवला, की घरसामानाबरोबर गाडीही जाते आणि तिची नोंदणी नव्या राज्यात करून घ्यावी लागते. ऑस्ट्रेलियात नोंदणीचा, म्हणजे इथल्या बोलीत 'रेजो'चा, कारभार प्रत्येक राज्याचा स्वतंत्र असतो. परदेशातून गाडी देशात आणण्याची मंजुरी मात्र केंद्र सरकार देते. इथल्या शोरूममधून घेतलेल्या गाडीच्या मालकाला ही दुहेरी व्यवस्था फारशी जाणवत नाही. जपानमधून वापरलेली आणलेली निसान एल्ग्रँड किंवा टोयोटा एस्टिमा ही व्हॅन असेल, तर हीच व्यवस्था मुख्य अडचण ठरू शकते, म्हणून सुरुवात केंद्राच्या कागदांपासून करावी.

गाडी जुन्या योजनेतून आलेली असेल, तर तिच्यावर 'कम्प्लायन्स प्लेट', म्हणजे गाडी इथल्या नियमांत बसते हे सांगणारी धातूची पट्टी, असते. बॉनेट उघडून किंवा दाराच्या खांबावर ती शोधावी आणि तिचा स्वच्छ फोटो काढून ठेवावा. १ जुलै २०२१ पासून 'रोड व्हेइकल स्टँडर्ड्स ॲक्ट २०१८' लागू झाला आणि या पट्टीची जागा 'रजिस्टर ऑफ अप्रूव्ह्ड व्हेइकल्स' या केंद्रीय ऑनलाइन नोंदवहीने घेतली. नव्या पद्धतीने आलेल्या गाडीची नोंद तिथे विन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, टाकून कोणालाही पाहता येते. ती पाहून, पान छापून फाइलमध्ये लावावे. आयातीच्या मंजुरीचे पत्र सापडत असेल, तर तेही मेलबर्न सोडण्यापूर्वीच शोधावे, कारण पेट्या बांधल्यावर असला कागद हाती लागत नाही.

यानंतर क्रमांक जुळवावेत, आणि येथे घाई करू नये. जपानच्या बाजारासाठी बनलेल्या गाडीला मुळात सतरा अक्षरांचा विन नसतो, छोटा चासी क्रमांक असतो. जुन्या योजनेत तिला इथे नवा विन दिला जाई, जो बहुधा 'सिक्स-यू-नाइन'ने सुरू होतो. गाडीवर कोरलेला क्रमांक, व्हिक्टोरियाचे, म्हणजे मेलबर्नच्या राज्याचे, नोंदणीपत्र आणि कम्प्लायन्सची नोंद, तिन्ही समोर ठेवून एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचावे. माझ्या वेळी तपासणी करणाऱ्या एका गॅरेजने आठच्या जागी इंग्रजी 'बी' टाइप केला, चूक थेट काउंटरवर उघड झाली आणि दुसरी रजा टाकून मला पुन्हा गॅरेज गाठावे लागले. सतरा अक्षरी विनमध्ये आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे कधीच नसतात, एवढे लक्षात ठेवले तरी शून्य आणि 'ओ'चा घोळ टळतो.

न्यू साउथ वेल्समध्ये, म्हणजे सिडनीच्या राज्यात, कायम राहायला आल्यावर नोंदणी बदलण्यासाठी तीन महिने मिळतात (क्वीन्सलँडला गेला असता, तर चौदाच दिवस मिळाले असते). या काळात व्हिक्टोरियाची नोंदणी चालू ठेवावी. परताव्याच्या मोहाने ती आधीच रद्द केली, तर गाडी नोंदणीविना उरते.

नोंदणीसाठीची तपासणी नेहमीच्या सुरक्षा तपासणीची, म्हणजे साध्या 'पिंक स्लिप'ची नव्हे, तर अधिक सखोल अशा 'ब्लू स्लिप'ची असते, आणि ती त्यासाठी अधिकृत असलेल्या गॅरेजमध्येच होते. तिच्यात ब्रेक, टायर, दिवे यांच्याबरोबर गाडीची ओळखही पडताळली जाते. आयात व्हॅनमध्ये मागच्या सीटना बालआसनाचा वरचा पट्टा अडकवण्याचे अँकर आहेत का, पुढच्या बाजूच्या काचांमधून किमान ३५ टक्के प्रकाश आत येतो का, हे आधी स्वतः पाहून घ्यावे. सीट काढून आत झोपण्या-राहण्याची सोय केलेली (कॅम्पर) किंवा इंजिन बदललेली गाडी असेल, तर व्हिक्टोरियाच्या इंजिनिअरचे प्रमाणपत्र इथे आपोआप चालेल असे गृहीत धरू नये. गाडी हलवण्यापूर्वीच न्यू साउथ वेल्समध्ये अशा बदलांना प्रमाणपत्र देणाऱ्या मान्यताप्राप्त तज्ज्ञाशी बोलावे.

मग 'ग्रीन स्लिप', म्हणजे सक्तीचा अपघात विमा. व्हिक्टोरियात त्याची रक्कम नोंदणीच्या शुल्कातच धरलेली असते, त्यामुळे तिथून येणाऱ्यांना सिडनीत तो वेगळा विकत घ्यावा लागतो हे नवे वाटते. विमा कंपन्यांचे दर पाहूनच तो घ्यावा. ब्लू स्लिप, ग्रीन स्लिप, ओळखपत्र, नव्या पत्त्याचा पुरावा, व्हिक्टोरियाचे नोंदणीपत्र आणि आयातीची फाइल घेऊन 'सर्व्हिस एनएसडब्ल्यू' या राज्य सरकारच्या सेवा केंद्रात अर्ज करावा. गाडी आधीपासून ज्याच्या नावावर आहे त्याच्याच नावाने अर्ज केल्यास मुद्रांक शुल्क लागत नाही. गाडी नवऱ्याच्या नावावर आणि अर्ज मात्र बायकोने केला, तर ते हस्तांतर ठरते आणि शुल्क भरावे लागते. हा हिशेब घरीच ठरवून निघावे.

नव्या क्रमांकाच्या पाट्या हाती आल्यावरच जुन्या उतरवून व्हिक्टोरियाची नोंदणी रद्द करावी आणि उरलेल्या महिन्यांचा परतावा मागावा. पाट्या जमा केल्याची पावती जपून ठेवावी. गाडीचा सर्वसमावेशक विमा असेल, तर नवा पत्ता आणि नवा क्रमांक कंपनीला त्याच दिवशी कळवावा, आणि विमा बदलायचा असेल, तर गाडी 'ग्रे इम्पोर्ट', म्हणजे उत्पादक कंपनीच्या इथल्या विक्रेत्यांबाहेरून आयात केलेली, आहे हे पहिल्याच फोनवर सांगावे, कारण काही कंपन्या अशा गाडीचा विमा उतरवतच नाहीत.