रद्दीतून मुलांचा नरकासुराचा मुखवटा: या चुका टाळा

चवथ (गणेश चतुर्थी) आटोपली की गोव्यातल्या मुलांना नरकासुराचे, म्हणजे नरक चतुर्दशीच्या पहाटे जाळायच्या राक्षसाच्या पुतळ्याचे, वेध लागतात. मुखवट्याचं सामान घरातच असतं: रद्दी, खोके, जुना टब, नारळाच्या सोडणाचा काथ्या. काम बिघडतं ते बहुतेक वेळा ओलीमुळे. पावसाळाभर पलंगाखाली पडलेली रद्दी सादळलेली असते. कागद-पुठ्ठा आधी दिवसभर कडक उन्हात घाला. काळे ठिपके पडलेला किंवा कुबट वासाचा पुठ्ठा सरळ टाकून द्या. वरून रंग दिला तरी बुरशी डोकं वर काढतेच.

साचा म्हणून फुगा. सगळीकडे फुगाच सांगतात, पण तो उन्हात फुगतो, रात्री आकसतो आणि ओल्या कवचाला सुरकुत्या पडतात. त्यापेक्षा पालथा घातलेला टब किंवा मोठं वाडगं बरं. त्याचं तोंड रुंद आणि बूड अरुंद हवं, नाहीतर वाळलेला मुखवटा निघायचा नाही. साच्यावर तेलाचा हात फिरवा आणि पहिला थर नुसत्या पाण्यात भिजवलेल्या कागदाचा द्या.

कच्ची खळ. मैदा नुसता पाण्यात कालवून वापरला तर वाळल्यावर पोपडे सुटतात. 1 वाटी मैदा 1 वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, 4 वाट्या उकळत्या पाण्यात ओता आणि खळ काचेसारखी दिसेपर्यंत मंद आचेवर ढवळा. चमचाभर मीठ घातलं की बुरशी जरा लांबते. मोरचूद मात्र नको. बुकबाइंडर घालतात हे खरं, पण ते विषारी आहे आणि मुलांची बोटं तोंडात जातात. खळीला आंबूस वास आला की ती फेकून नवी करा.

कात्रीने कापलेल्या पट्ट्या. कापलेली कड रंगाखालीही रेघ दाखवते. फाडलेली कड मिसळून जाते. वर्तमानपत्र एका दिशेने सरळ फाटतं, दुसऱ्या दिशेने वेडंवाकडं. सरळ फाटणारी बाजू पाहून 2 ते 3 सेंटीमीटर रुंद पट्ट्या काढा. गुळगुळीत मासिकांचा कागद खळ पीत नाही, तो नको. एक थर वर्तमानपत्राचा आडवा, पुढचा जुन्या वहीच्या पानांचा उभा, असं केलं की कुठे राहून गेलं ते मुलांनाही कळतं. एकूण 5 थर पुरतात.

घाई. सगळ्यात जास्त मुखवटे इथेच वाया जातात. पाचही थर एका दिवसात चढवले की वरचा कडक होतो, आतले ओलेच राहतात आणि आठवड्याभरात आतून काळे पडतात. एका वेळी दोनच थर द्या, मग निदान 24 तास थांबा. मुखवटा पेपरवर ठेवू नका. साच्यावरून काढला की जाळीवर ठेवा, म्हणजे खालूनही वारा लागेल. पंखा लावा, सुरुवातीलाच कडक ऊन दिलं तर कडा वाकतात. वाळला का हे पाहायला तो गालाला लावा. गार लागला तर आत ओल आहे.

डोळ्यांची भोकं मोठ्यांनी कटरने पाडावीत, मुलाच्या चेहऱ्यावर मोजून.

रंगाआधी पांढऱ्या पोस्टर कलरचा हात द्या, नाहीतर छपाईची अक्षरं वर दिसत राहतात. दातांना तिसऱ्यांच्या (शिंपल्यात राहणाऱ्या खायच्या मासळीच्या) शिंपल्या झकास दिसतात, पण नुसत्या धुऊन भागत नाही: 10 मिनिटं उकळा, ब्रशने घासा, उन्हात वाळवा. फेविकॉल शिंपलीच्या बाहेरच्या खरखरीत बाजूला लावा, आतली गुळगुळीत बाजू तो धरत नाही.

पहाटे मुखवटा जाळायचा असेल तर थर्मोकोल, चमकी आणि उरलेला ऑइल पेंट मुळातच वापरू नका, त्यांचा धूर मुलांच्या नाकातोंडात जातो. खोक्यांवरची चिकटपट्टीही आधीच सोलून काढा. तिच्यावर खळ बसतही नाही. शिंपल्या जाळण्याआधी उचकटून घ्या. मुखवटा ठेवायचा असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका. सुती कापडात गुंडाळून उंचावर, बाहेरच्या भिंतीपासून लांब ठेवा.