लेझर मशीन गाळ्यात उतरवण्याआधी

नाशिककडच्या अंबड, सातपूर, सिन्नरच्या कारखान्यांच्या गाळ्यांमध्ये फायबर लेझरचं आता कुणाला नवल राहिलेलं नाही. पत्रा कापायला लेझर, पार्टवर नंबर टाकायला लेझर, आणि आता एसएसच्या (स्टेनलेस स्टीलच्या) फॅब्रिकेशनला हातात धरायची लेझर वेल्डिंग गनसुद्धा. मशीन यायचं म्हटलं की फाउंडेशन, वाढीव लोड, कॉम्प्रेसर, उतरवायला हायड्रा क्रेन, सगळ्याची तयारी होते. माणसांच्या डोळ्यांची तयारी तेवढी 'बघू नंतर' म्हणून मागे पडते. ती ट्रक गेटवर येण्याआधीच झाली पाहिजे.

पहिलं काम कोटेशन हातात असतानाच करायचं: सप्लायरला लेझरचा क्लास (धोक्याची पायरी) आणि वेव्हलेंथ (प्रकाशाच्या लहरीची लांबी) लेखी मागा. क्लास १ पासून ४ पर्यंत असतात. क्लास २ म्हणजे १ मिलिवॉटपर्यंतचा दिसणारा प्रकाश. यात पापणी आपोआप मिटते आणि तेवढ्यावर निभावतं. क्लास ३बी अर्ध्या वॉटपर्यंत जातो आणि त्याचा थेट झोत डोळ्याला इजा करतो. अर्ध्या वॉटच्या वर गेलं की क्लास ४. तिथे थेट झोत सोडाच, जवळून खरखरीत पृष्ठभागावरून विखुरलेला प्रकाशही डोळ्याला धोक्याचा असतो, कातडी भाजते, कागद-चिंध्या पेटतात. पत्रा कापणारं मशीन किलोवॉटमध्ये मोजतात, म्हणजे हिशोब काय ते समजा.

इथे एक गफलत नेहमी होते. पूर्ण बंद कव्हरच्या मशीनवर 'क्लास १' असं लेबल असतं आणि ते खोटं नसतं. कव्हर बंद, दरवाजाचा इंटरलॉक (दार उघडलं की झोत तोडणारा स्विच) चालू, खिडकीची काच मूळची, एवढं सगळं जागेवर असेल तर बाहेर उभ्या माणसाला धोका नाही. पण आतला सोर्स, म्हणजे झोत तयार करणारा भाग, क्लास ४ चाच आहे. कव्हर उघडलं, इंटरलॉकला जंपर मारला (वायर जोडून तो निकामी केला), की लेबल तेच राहतं आणि मशीन क्लास ४ होतं. माझ्या मते या सगळ्या तयारीचा गाभा इथेच आहे: रोजच्या कटिंगपेक्षा कव्हर उघडायच्या दिवसाची तयारी करा.

वेव्हलेंथ का विचारायची, तेही ऑपरेटरला सांगायला हवं. फायबर लेझर साधारण १०७० नॅनोमीटरवर चालतो. हा प्रकाश दिसत नाही. दिसत नाही म्हणून पापणी मिटत नाही, मान वळत नाही. तरीही ४०० ते १४०० नॅनोमीटरमधला प्रकाश डोळ्याच्या आत पोचतो आणि भिंगाने ऊन कागदावर एकवटावं तसा डोळ्याचं भिंग तो डोळ्याच्या मागच्या पडद्यावर (रेटिनावर) एकवटतं. तिथे त्याची तीव्रता एक लाख पटीपर्यंत वाढते. पडद्याला वेदना कळत नाही. जळालं तरी दुखत नाही, नजरेच्या मधोमध काळा ठिपका दिसायला लागल्यावर कळतं, आणि जळालेला पडदा पुन्हा उगवत नाही. ट्रॉफी-नेमप्लेटवाल्यांच्या सीओटू (कार्बन डायऑक्साइड) लेझरचं वेगळं आहे. तो १०६०० नॅनोमीटरचा, बुबुळाच्या वरच्या थरातच अडतो आणि तिथे भाजतो.

मशीनच्या हेडमधून एक लाल ठिपका जॉबवर, म्हणजे कापायच्या तुकड्यावर, पडतो, तोही नव्या माणसाला पहिल्याच दिवशी दाखवून समजवा. तो फक्त निशाणाचा लाल दिवा. कापणारा झोत तो नव्हे. लाल ठिपका दिसत नाही म्हणजे लेझर बंद, असं धरून नोझलजवळ तोंड नेणारी मुलं मी पाहिली आहेत. हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

आता जागा. उघड्या बेडचं मशीन किंवा हॅन्डहेल्ड गन असेल तर तिला स्वतंत्र खोली किंवा आडोसा हवाच. भिंती मॅट रंगाच्या ठेवा. चकचकीत एसएसचं कपाट, आरसा, पॉलिश केलेला जॉब झोताच्या वाटेत नको. आर्क वेल्डिंगचा साधा लाल-पिवळा पडदा लेझरसाठी चालत नाही, लेझरसाठी प्रमाणित पडदा घ्या नाहीतर मॅट काळा रंग दिलेल्या एमएस (साध्या लोखंडी) पत्र्याचं पार्टिशन करा. दाराला स्विच असा जोडा की दार उघडलं की झोत बंद. दाराबाहेर लेझर चालू असताना पेटणारा दिवा, आणि पिवळ्या त्रिकोणातलं किरणांचं चिन्ह मराठी-हिंदी सूचनेसकट. वीज गेली आणि परत आली तर झोत आपोआप सुरू होता कामा नये. पावसाळ्यात आपल्याकडे वीज ट्रिप होतेच, तेव्हा हे मशीन ताब्यात घेताना मेन स्विच पाडून प्रत्यक्ष तपासा. अर्थिंगही त्याच वेळी मोजून घ्या. चिलरचं (मशीन थंड ठेवणाऱ्या यंत्राचं) पाणी आणि वीज शेजारी-शेजारी असतात.

गॉगलवर मात्र सावकाश बोलायला हवं, कारण पैसे सर्वांत जास्त इथेच वाया जातात. लेझरचा गॉगल रंग बघून घ्यायचा नसतो. काचेवर किंवा फ्रेमवर छापलेलं वाचायचं. तिथे दोन गोष्टी असतात: कोणत्या वेव्हलेंथपासून कोणत्यापर्यंत, आणि ओडी किती, म्हणजे काच त्या प्रकाशाला किती अडवते. ओडी ४ म्हणजे दहा हजारातला एक भाग आत येतो, ओडी ६ म्हणजे दहा लाखातला एक. आकडा एकने वाढला की संरक्षण दहापट. युरोपच्या ईएन २०७ प्रमाणाचा गॉगल असेल तर त्यावर एलबी आणि पुढे आकडा असतो; ती काच प्रत्यक्ष झोत थोडा वेळ सोसते का, याची ती चाचणी. काहीच छापलेलं नसेल तर तो गॉगल लेझरचा नाही असंच धरा, मग दुकानदार काही म्हणो. १०६०० चा गॉगल १०७० ला कुचकामी. सीओटू मशीनची ॲक्रिलिकची खिडकी फायबर मशीनला लावली तर प्रकाश सरळ आरपार. नंबरचा चष्मा, पारदर्शक सेफ्टी गॉगल, आर्क वेल्डिंगची काळी काच, यातलं काहीही या झोतासाठी तपासलेलं नसतं. एकाच गाळ्यात दोन प्रकारची मशीन असतील तर गॉगलला वेगळ्या रंगाच्या पट्ट्या लावून त्या त्या मशीनजवळच टांगा. ओरखडा पडला, काच तडकली, फ्रेम सैल झाली की मोडीत. ऑपरेटरपुरते न आणता हेल्पर, क्वालिटीवाला आणि बघायला येणारे शेठ यांचेही आणा. एप्रिल-मेच्या उकाड्यात घामाने गॉगल काढले जातात, म्हणून पंखा-कूलरची सोय हाही यादीतलाच भाग धरा. आणि इतकं करूनही गॉगल थेट झोतात बघण्यासाठी नसतो. चुकून आलेल्या उजेडासाठी असतो.

हॅन्डहेल्ड वेल्डिंग गनची मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते. १ ते ३ किलोवॉटचा क्लास ४ झोत, कव्हर नाही, आणि गन अशा कारागिराच्या हातात जो वीस वर्षं आर्क-टिग वेल्डिंग करत आलाय. ठिणगी कमी दिसते, म्हणून त्याला हे काम सौम्य वाटतं. गनला एक क्लिप येते, ती जॉबला लावायची. नोझल जॉबला टेकलं की सर्किट पूर्ण होतं आणि तेव्हाच झोत सुटतो. गन हवेत असेल तर ट्रिगर दाबूनही काही होत नाही. घाईत ही क्लिप नोझललाच अडकवून ठेवली की ही एकमेव राखण गेली, आणि गन वळेल तिकडे झोत. सुपरवायझरने रोज सकाळी एवढं एक बघायचं: क्लिप कुठे आहे. हेल्मेट लेझरसाठी प्रमाणित, आत गॉगल, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सुती किंवा कातडी कोट.

नाशिकला याला आणखी एक पदर आहे. तांब्या-पितळेचं काम या गावात जुनं आहे, आणि भांड्यांची कामं घेणारेही आता लेझरकडे वळू लागलेत. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम हे धातू १०७० चा झोत बराचसा परत फेकतात. घागरीसारख्या गोल, चकचकीत पृष्ठभागावरून तो कुठल्या कोनात उडेल ते हातातल्या हातात बदलत राहतं. अशा जॉबला आडोशाच्या आत दुसरा माणूस गॉगलशिवाय नकोच.

धूर आणि गॅस. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा कापताना झिंकचा धूर होतो, त्याने रात्री ताप भरतो; एसएसच्या धुरात क्रोमियमची विषारी रूपं असतात. म्हणून बेडखालून धूर ओढणारी यंत्रणा चांगली हवी आणि तिचा फिल्टर वेळच्या वेळी बदलायला हवा. सीओटू मशीनवर रेक्झिन, पीव्हीसी कधीच कापू नका, त्यातून हायड्रोक्लोरिक ॲसिडचा वायू निघतो. ॲक्रिलिक कापताना मशीन सोडून चहाला जायचं नाही, ते पेट घेतं. ॲल्युमिनियमची धूळ स्फोटक. तिचा कलेक्टर लोखंडाच्या ठिणग्यांपासून वेगळा ठेवा आणि पेटली तर पाणी मारू नका. कापताना लागणाऱ्या गॅसचंही तसंच: ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेलकट हात नको. नायट्रोजनला वास नसतो. बंद शेडमध्ये गळती झाली तर माणूस कळायच्या आत पडतो, तेव्हा वरची खिडकी उघडी ठेवा आणि ऑक्सिजन मोजणारा अलार्म लावा.

माणसांची तयारी करताना लेझरची जबाबदारी एका माणसाच्या नावावर लिहून द्या. किल्ली त्याच्याकडे. शिकवलेल्यांची नावं मशीनवर लावा, बाकीच्यांनी हात लावायचा नाही. कामाला लावण्याआधी प्रत्येकाच्या डोळ्यांची तपासणी पडद्यासकट करून रिपोर्ट फाइलला ठेवा; पुढे काही झालं तर आधी नजर कशी होती हे त्यावरूनच कळतं.

मेंटेनन्सच्या दिवशी, म्हणजे हेडची प्रोटेक्शन ग्लास बदलण्यापासून ते सोर्स उघडण्यापर्यंत, मेन बंद, किल्ली काढून ज्याचे हात आत आहेत त्याच्या खिशात, स्विचला कुलूप आणि नावाचा टॅग. सर्व्हिस इंजिनिअरला झोत चालू ठेवूनच ॲलाइनमेंट करायची (झोत नीट रेषेत आणायचा) असेल तर तेवढा वेळ बाकीची माणसं खोलीबाहेर. तो पुण्याहून आलाय आणि त्याला सहाची गाडी पकडायची आहे, हे कारण इथे चालवून घेऊ नका. तो निघण्याआधी प्रत्येक इंटरलॉक दार उघडून तपासा, जंपर राहिलेला नाही ना बघा.

कॉलेजच्या फिजिक्स लॅबला यादी लहान पुरते. झोत बसलेल्या किंवा उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर नको, त्याच्या शेवटी काळा अडथळा हवा, हातातलं घड्याळ-अंगठी काढलेली असावी आणि खोलीत उजेड ठेवावा म्हणजे बाहुली लहान राहते. स्वस्त हिरवे पॉइंटर आणू नका. त्यांच्यात आतला अदृश्य इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर कित्येकदा नसतोच. मिरवणुकीतल्या लेझरने तरुणांच्या पडद्याला इजा झाल्याच्या बातम्या २०२३ मध्ये नाशिकमधूनही आल्या होत्या, त्या बातम्या लॅबमधल्या मुलांना जरूर सांगा.

आणि एक कागद मशीनशेजारी लॅमिनेट करून लावा: डोळ्यात झोत गेल्याची नुसती शंका आली तरी काय करायचं. इमर्जन्सी स्टॉप दाबा. डोळा चोळू नका, कुठलेही थेंब टाकू नका, दुखत नाही म्हणून शिफ्ट पुरी करायला थांबू नका. माणसाला बसवून त्याच दिवशी रेटिना बघणाऱ्या डॉक्टरकडे न्या, गाडी त्याला स्वतःला चालवू देऊ नका. डॉक्टरला लागणारी माहिती, म्हणजे वेव्हलेंथ, पॉवर, सलग झोत होता की पल्स, त्याच कागदावर आधीच लिहिलेली असू द्या. जवळच्या रेटिना डॉक्टरचा नंबर, १०८ आणि १०१ हेही त्यावर. मशीन आहे त्या स्थितीत ठेवा. झोत कुठून सुटला ते सापडेपर्यंत किल्ली कुणालाही द्यायची नाही, ऑर्डर कितीही तातडीची असली तरी.