जुनी फोर बाय फोर बघायला जाताय? आधी गाडीखाली झोपा

मागच्या पावसाळ्याचा किस्सा आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी एकाच गोष्टीवरून का ओरडतोय ते कळेल. जुनी डिझेल एसयूव्ही घेतली, मॅन्युअल, फोर बाय फोर म्हणजे चारही चाकांना ताकद देता येणारी, एक लाख दहा हजार चाललेली, साडेसहा लाखात. इंजिन मस्त, एसी मस्त, टेस्ट ड्राइव्हला बटण फिरवलं, डॅशबोर्डवर फोर बाय फोरचा दिवा लागला, मी खूश. दोन महिन्यांनी आमच्या इंदूरजवळ जानापावच्या बाजूला मित्राच्या शेतावर गेलो, आपली माळव्याची काळी माती, त्यात दोन दिवसांचा पाऊस, गाडी बसली. म्हटलं आता बघा गंमत, फोर-लो टाकलं, म्हणजे चारही चाकं नि सगळ्यात ताकदवान हळू गिअर, दिवा लागला, मागची चाकं गरगर फिरतायत नि पुढची ढिम्म. ट्रॅक्टर घेऊन जो ओढायला आला त्याने चिखलात उभं राहून शांतपणे सांगितलं, "भिया, आगे के चक्के तो घूमई नी रिये." घरी आल्यावर खाली घुसून बघितलं तर पुढचा प्रोपेलर शाफ्टच नाही, म्हणजे पुढच्या चाकांकडे ताकद नेणारा लांब दांडा. शाफ्ट जिथे जोडला जातो त्या फ्लँजवर प्लास्टिकची पिशवी, तारेने घट्ट बांधलेली. आधीच्या मालकाचं पुढचं डिफरन्शियल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकात ताकद वाटणारे गिअर, आवाज करत होतं, खर्च नको म्हणून त्याने शाफ्ट काढून ठेवला नि गाडी टू-व्हीलवर फिरवत राहिला. दिवा लागतो तो ट्रान्सफर केसवरच्या, म्हणजे पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या डब्यावरच्या स्विचने, पुढे शाफ्ट आहे की पिशवी आहे त्याला काय घेणं. मला ते ऐंशी हजाराला पडलं.

आता धाकटा मावसभाऊ गाडी शोधतोय, रोज रात्री फोन करून एकेक प्रश्न विचारतो, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. इंजिन, बॉडी, पेंट याचं मी काही सांगणार नाही, ते सगळेच बघतात. हे फक्त क्लचपासून चाकापर्यंतचं.

घरातून निघताना चांगला टॉर्च घ्या, मोबाइलचा नको, एका हाताने मोबाइल धरून गाडीखाली काही दिसत नाही. अंथरायला जुनी चादर, हात पुसायला चिंधी, कपडे जुने. लग्नाला चालल्यासारखा कडक शर्ट घालून गेलात की तुम्ही खाली वाकणार नाही, मी नव्हतो वाकलो, दुसरं काही कारण नव्हतं, पांढरा शर्ट होता. ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, कोणाकडे असेल तर मागून घ्या. कागद, विमा, एनओसी हे एमपरिवाहन या सरकारी ॲपवर बघा, त्यावर मी वेळ घालवत नाही.

विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगा की मी येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही. पोचलात की बोनेटवर हात ठेवा, गरम असेल तर चहा प्या, गप्पा मारा, किंवा सरळ दुसऱ्या दिवशी या. गिअरबॉक्सची बरीच दुखणी थंड असतानाच बोलतात. सिंक्रोनायझर, म्हणजे गिअर अलगद जुळवणारी रिंग, झिजला असेल तर सकाळी पहिल्यांदा दुसरा गिअर टाकताना करकर होते आणि तेल गरम झालं की बऱ्याचदा तीच गाडी साळसूद होते. ऑटोमॅटिक असेल तर थंडीत डी टाकल्यावर गाडी दोन-तीन सेकंद विचार करते नि मग धक्क्याने पकडते, गरम झाल्यावर हे कधीकधी लपतं.

मग खाली. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, गाडी सपाटीवर, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही, कोणी कितीही म्हणालं तरी. एसयूव्ही उंच असते, तशीच घुसता येतं. पहिलं काय बघायचं? पुढचा शाफ्ट. गाडीच्या मधोमध ट्रान्सफर केस असतो, गिअरबॉक्सच्या मागे लटकलेला डबा, त्यातून एक लांब शाफ्ट मागच्या हौसिंगकडे, म्हणजे डिफरन्शियलच्या डब्याकडे, जातो नि एक पुढे. दोन्ही आहेत का? हात लावून बघा. बोल्ट चारही आहेत का, ते नवे चकचकीत नि बाकी सगळं धुळीने माखलेलं असं तर नाही? म्हणजे गिऱ्हाईक येणार म्हणून काल रात्री बसवलाय. पुढचा शाफ्ट. हे झाल्याशिवाय बाकीचं बघूच नका.

खाली आहातच तर शाफ्ट हाताने धरून पिळून बघा. थोडी ढिलाई असते, ती चालते, पण क्रॉसमध्ये टकटक वाजत असेल तर क्रॉस गेला. मेकॅनिक लोक ज्याला क्रॉस म्हणतात तो म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट, त्यातलं ग्रीस वाळलं की हळू चालवताना चिमणी चिवचिवल्यासारखा आवाज येतो, स्वस्तातलं काम आहे, घाबरू नका, भाव पाडायला वापरा. पुढच्या एक्सलचे रबरी बूट बोटाने दाबून चिरा बघा, बूट फाटला असेल तर आतलं ग्रीस गोल फिरून चाकाच्या आतल्या बाजूला उडालेलं दिसतं. मागच्या हौसिंगवर तेलाचा ओलावा असेल तर दोन गोष्टी असतात, एकतर सील म्हातारं झालं किंवा ब्रीदर, हवा सोडणारी बारीक नळी, चोक झाला, म्हणजे आत तापून फुगणारी हवा बाहेर पडायला जागा नाही म्हणून ती सीलमधून तेल ढकलते. दुसरं फुकटात सुटतं. नुसती धूळ चिकटलेली ओल वेगळी, थेंब लोंबतोय ते वेगळं. आणि सगळं खालून धुवून लखलखीत असेल तर मला जास्त संशय येतो, अशा गाडीला वीस किलोमीटर चालवून परत खाली बघायचं.

क्लच. पेडल अगदी वर आल्यावर गाडी पकडत असेल तर प्लेट संपत आली. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या स्पीडला एकदम ॲक्सिलरेटर दाबा, आरपीएमचा काटा वर पळाला नि गाडी तिथेच, म्हणजे स्लिप मारतेय. आवाज ऐकायचा असेल तर न्यूट्रलमध्ये खिडकी उघडी ठेवून, पेडल दाबल्यावर आवाज सुरू होतो तर रिलीज बेअरिंग, पेडल दाबल्यावर बंद होतो तर गिअरबॉक्सचं इनपुट बेअरिंग, आणि हे दुसरं महाग कारण गिअरबॉक्स खाली उतरवून उघडावा लागतो. पहिल्या गिअरला नि रिव्हर्सला उचलताना गाडी थरथरते? कधी फाउंडेशन, म्हणजे इंजिनखालचे रबर, गेलेलं असतं, कधी प्लेटला तेल लागलेलं, कधी फ्लायव्हील. बऱ्याच नव्या डिझेलमध्ये ड्युअल मास फ्लायव्हील असतं, म्हणजे क्लच ज्यावर बसतो ते दोन तुकड्यांचं जड चाक, इंजिन बंद करताना खडखड करून थांबत असेल तर तेच धरून चाला. क्लचबरोबर ते पण बदलायचं म्हटलं की बिल कुठल्या कुठे जातं, त्यामुळे 'क्लच तेवढा टाकावा लागेल' या वाक्यावर भुलू नका.

रस्ता कुठला निवडायचा? विकणारा तुम्हाला विजयनगरच्या चकचकीत रस्त्यावर एक चक्कर मारून आणेल, तिथे काही कळत नाही. आधी गर्दीत न्या, राजवाड्याकडे संध्याकाळी, अर्धा तास पहिला-दुसरा गिअर, ड्युअल क्लचवाला ऑटोमॅटिक असेल तर अशाच ट्रॅफिकमध्ये तो तापतो नि झटके द्यायला लागतो. मग बायपास, सत्तर ते नव्वद. तिथे सीटखालून थरथर येते का, ॲक्सिलरेटर दाबल्यावर वाढते का. मागून घूं असा आवाज येत असेल तर पाय दाबून नि पाय सोडून दोन्ही ऐका, पाय बदलल्यावर आवाज बदलला तर क्राउन-पिनियन, म्हणजे डिफरन्शियलमधले मुख्य गिअर, पाय काही केलं तरी तसाच नि नुसत्या स्पीडबरोबर चढत-उतरत असेल तर चाकाचं बेअरिंग, डावी-उजवीकडे थोडं वळवल्यावर बदलला तर बेअरिंग जवळजवळ नक्कीच. रेडिओ बंद ठेवा हे सांगायला नको, पण विकणारा मुद्दाम गाणी लावतो म्हणून सांगतो. मोकळ्या जागेत स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून हळू गोल फिरवा, कट-कट-कट आलं तर बाहेरचा सीव्ही जॉइंट, चाकाजवळचा, त्या रबरी बुटातला.

आणि भेरूघाट, इंदूरहून सिमरोलच्या पुढे खंडवा रोडला, चढताना क्लच नि ऑटोमॅटिक कळतो, उतरताना गिअर कळतो. उतारावर दुसऱ्या-तिसऱ्यात पाय पूर्ण सोडून द्या, हात लिव्हरवर हलका ठेवा, गिअर आपोआप निसटून न्यूट्रलला आला तर तिथूनच परत फिरा, घेऊ नका. एवढ्या लांब न्यायला विकणारा कुरकुर करतो, डिझेल तुम्ही भरा नि चोरल गावात चहा पाजा.

ऑटोमॅटिकबद्दल मला कमी अनुभव आहे पण बेसिक सांगतो. तेल बघता येत असेल तर पारदर्शक पाहिजे, बहुतेक गाड्यांत लाल, काळपट नि जळका वास म्हणजे आत काहीतरी जळतंय. गिअर बदलताना मध्येच इंजिन रिकामं ओरडतं नि मग पकडतं, वाईट. पन्नास-साठच्या स्पीडला हलक्या पायावर रंबल पट्टीवरून गेल्यासारखी थरथर, तर टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असतो तो भाग. एएमटीचं (मॅन्युअल गिअरबॉक्सच, पण गिअर मशीन बदलतं) डोलणं नि सीव्हीटीचं (पट्ट्यावर चालणारा, ठरावीक गिअर नसलेला) रबरासारखं ओढणं हा त्यांचा स्वभाव आहे, त्याला बिघाड समजू नका. 'ऑइल लाइफटाइम आहे' असं कोणी म्हणालं तर विचारा कुणाच्या लाइफचं, गिअरबॉक्स बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यासुद्धा साधारण ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला बदला म्हणतात. स्कॅनर लावला नि पी०७०० आला तर तो फक्त सांगतो की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरकडे तक्रार पडून आहे, खरी तक्रार दुसऱ्या कोडमध्ये असते, ती वाचायला चांगला स्कॅनर लागतो. सगळे कोड साफ नि रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडी स्वतःच्या करते त्या तपासण्या, अर्धे अपुरे दिसले तर बहुधा कोणीतरी नुकतंच पुसलंय.

आता परत फोर बाय फोर. तुम्हाला वाटेल शाफ्ट बघितला, झालं. नाही झालं. काही गाड्यांमध्ये पुढचे हब, म्हणजे चाक एक्सलला जोडणारे भाग, व्हॅक्यूमवर लॉक होतात, बारीक नळी तुटली तर शाफ्ट जागेवर असून चाकं फिरत नाहीत, आणि दिवा? काही गाड्यांमध्ये तेव्हाही लागतो. दिव्यावर विश्वास ठेवायचा नाही. मातीत न्यायची, एखादा मोकळा प्लॉट, भुसभुशीत जागा, डांबरावर अजिबात नाही, कोरड्या डांबरावर फोर-व्हील टाकून वळवलं की सगळा ताण ट्रान्सफर केसवर येतो. आधी टू-व्हीलवर स्टिअरिंग पूर्ण वळवून पायाशिवाय गोल फिरवा, कसं फिरते ते लक्षात ठेवा. मग फोर-हाय, म्हणजे चारही चाकं पण नेहमीचे गिअर, टाकून तेच. जोडलेली असेल तर गाडी अडखळते, कोणीतरी मागे धरून ठेवल्यासारखी, टायर माती खरवडतात. दोन्ही वेळेला सारखीच लोण्यासारखी फिरली तर पुढे काहीच जात नाहीये, दिवा कितीही चमकू दे. फोर-लो पण टाका, गाडी थांबवून, न्यूट्रलला, क्लच दाबून, दोन-तीनदा आत-बाहेर. बरेच मालक वर्षानुवर्षं हे वापरत नाहीत नि ते बदलणारी मोटर जाम होते. निघाला नाही तर थोडं रिव्हर्स घ्या, सुटतो. हे पार्ट-टाइमवाल्यांसाठी, म्हणजे पुढची चाकं हवी तेव्हाच जोडायची त्या गाड्यांसाठी. ऑल-व्हीलवाल्यांमध्ये, जिथे गाडी स्वतःच ताकद वाटते, असं अडखळणं नसायला पाहिजे, तिथे चारही टायर एकाच मापाचे नि साधारण सारखेच झिजलेले आहेत का ते बघा, दोन नवे दोन गुळगुळीत असे चालवले की पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या कपलिंगची वाट लागते.

पसंत पडली तर ओळखीच्या गॅरेजला लिफ्टवर चढवा, विकणाऱ्याच्या नाही. चारही चाकं हवेत, मेकॅनिक आत, फोर-हाय, पहिला गिअर, तुम्ही लांब उभे राहून पुढची चाकं बघा, निदान एक तरी फिरायलाच पाहिजे. दोन्ही हौसिंगचे नि ट्रान्सफर केसचे फिलर प्लग उघडून बोट घाला, तेल लस्सीसारखं दुधट असेल तर आत पाणी गेलंय, पाण्यात उभी राहिलेली गाडी. ड्रेन प्लगच्या चुंबकावर बारीक चिखलासारखा चुरा चालतो, नखाएवढे तुकडे नाही.

भाव. क्रॉस, बूट, सील, फाउंडेशन, क्लच प्लेट, कमी करून घ्या. क्राउन-पिनियन, गिअर निसटणं, ऑटोमॅटिकचं जळकं तेल, सोडून द्या.

घेतल्यावर पहिल्या आठवड्यात गिअरबॉक्स, ट्रान्सफर, दोन्ही हौसिंग, सगळी तेलं बदला, ग्रेड मॅन्युअलमध्ये लिहिलेली असते तीच, दुकानदार म्हणेल ती नाही. शाफ्टला ग्रीस. महिन्यातून एकदा मातीत फोर-व्हील टाकून थोडी चालवा.

भाऊ रविवारी देवास नाक्याला एक बघायला चाललाय. टॉर्च माझा नेलाय, चादर आईने दिली नाही, म्हणाली गोणपाट ने. पुढचा शाफ्ट बघितल्याशिवाय टोकन द्यायचं नाही, एवढं त्याच्या मोबाइलवर रिमाइंडर लावून दिलंय, दोनदा.