मिरची-शेंगदाण्याच्या सवयीनं वाइन तपासू नका

इंदूरच्या खाद्य-तपासणी प्रयोगशाळांना बुरशीच्या विषाचं काम नवं नाही. नमकीनसाठीचे शेंगदाणे, निमाडची मिरची, मका, धणे यांतलं अफ्लाटॉक्सिन मोजायला इथल्या तंत्रज्ञांचा हात बसलेला असतो. घोळ होतो तो कुणी रतलामकडची वाइनची बाटली आणून टेबलावर ठेवली की. हात जुन्या सवयीनं चालू लागतात, आणि त्यातल्या बऱ्याच सवयी वाइनमध्ये अंगाशी येतात.

पहिली गोष्ट, इथे विषच वेगळं आहे. वाइनमध्ये शोधायचं ते ऑक्राटॉक्सिन ए. अ‍ॅस्परजिलस कार्बोनेरियस ही काळी बुरशी, आणि थोड्या प्रमाणात अ‍ॅस्परजिलस नायजर, चिरलेल्या किंवा किडीनं टोचलेल्या मण्यांत शिरते आणि तिथेच विष तयार करते. काढणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला आणि मणी तडकले की तिचं फावतं. मद्यार्कानं बुरशी मरते, विष मरत नाही. मर्यादाही फार बारीक आहे. आपल्याकडे मसाल्यांत एकूण अफ्लाटॉक्सिन ३० मायक्रोग्रॅम प्रति किलोपर्यंत चालतं. युरोपीय संघाची वाइनमधल्या ऑक्राटॉक्सिनची मर्यादा फक्त २ मायक्रोग्रॅम आहे. त्यामुळे धान्यासाठीचं झटपट तपासणीचं किट वाइनला लावू नका. लाल वाइनमधलं टॅनिन (सालीतला तुरट घटक) त्यातल्या अँटिबॉडीला, म्हणजे विष ओळखून पकडणाऱ्या प्रथिनाला, गोंधळवतं आणि नसलेलं विष दिसू लागतं. किट वाइनसाठी पडताळलेलं असेल तर चाळणी म्हणून वापरा, निकाल म्हणून नाही.

वासावरून नमुना निवडणं

'या बाटलीला बुरशीचा वास येतोय, हीच तपासू' असं हमखास ऐकू येतं. ओल्या पुठ्ठ्यासारखा तो वास बहुतेक वेळा बुचातून आलेल्या ट्रायक्लोरोअ‍ॅनिसोलचा असतो. त्यानं चव जाते, पण त्याचा ऑक्राटॉक्सिनशी संबंध नाही. ऑक्राटॉक्सिनला वास नाही, चव नाही. वाइनवर आलेली पांढरी साय पाहूनही लोक घाबरतात, पण तीही बहुधा यीस्टचीच असते. नमुना निवडायचाच असेल तर लाल वाइन आधी घ्या. ती सालींसकट आंबवतात, त्यामुळे विष उतरायला वेळ मिळतो. पांढऱ्यात ते सहसा कमी सापडतं.

शेंगदाण्यात विष ठिकठिकाणी साचतं, म्हणून पोत्यापोत्यातून कित्येक किलो माल गोळा करून दळावा लागतो. वाइनला एवढा व्याप नको, पण एक खाच आहे. मेलेलं यीस्ट हे विष स्वतःला चिकटवून घेतं आणि तळाशी बसतं. टाकीच्या तळच्या नळातून गाळासकट नमुना घेतला तर आकडा वेगळा येतो आणि वरच्या निवळलेल्या वाइनचा वेगळा. बाटलीत जाणारी वाइन तपासायची असेल तर निवळलेलीच घ्या, आणि नमुना कुठून घेतला ते चिठ्ठीवर लिहा.

सोडा टाकायची घाई

सगळ्यात जास्त रिकव्हरी, म्हणजे नमुन्यातल्या विषापैकी मोजमापात हाती लागणारा वाटा, इथेच बुडते. मिरचीत मिथेनॉल-पाण्यानं विष काढून घ्यावं लागतं. वाइनमध्ये ते आधीच द्रवात आहे, फक्त पीएच आड येतो. वाइनचा पीएच साधारण ३ ते ४ असतो आणि इम्युनोअ‍ॅफिनिटी कॉलममधल्या (विष पकडून ठेवणाऱ्या छोट्या नळीतल्या) अँटिबॉडीला उदासीन ते किंचित अल्कधर्मी द्रव लागतो. म्हणून १० मि.ली. वाइनमध्ये १० मि.ली. द्रावण मिसळायचं, ज्यात १ टक्का पॉलिएथिलिन ग्लायकॉल ८००० आणि ५ टक्के सोडियम बायकार्बोनेट असतं. ग्लायकॉल टॅनिनला धरून ठेवतं, बायकार्बोनेट आम्ल मारतं.

आम्ल आणि सोडा एकत्र आले की फेस येणारच. अरुंद मोजनळीत मिसळलं तर फेसाबरोबर नमुनाही बाहेर जातो. रुंद तोंडाच्या बीकरमध्ये थोडं थोडं ओता, फेस बसू द्या, मग जोरात हलवा. फसफसणारी वाइन असेल तर आधी थंड करून अल्ट्रासॉनिक बाथमध्ये तिचा वायू काढा, नाहीतर पिपेटनं उचललेले १० मि.ली. खरे १० मि.ली. नसतात. मिसळून झाल्यावर पीएच पट्टीनं बघा. ७ च्या खाली राहिला असेल तर पुढे जाऊ नका. जुनं, उघडं राहिलेलं द्रावण हे त्याचं नेहमीचं कारण.

गाळायला ग्लास मायक्रोफायबर फिल्टर घ्या. गाळलेलं गढूळ दिसलं तर पुन्हा गाळा. तोच गढूळपणा पुढे कॉलम तुंबवतो, आणि कॉलम स्वस्त नाहीत.

कॉलमवर घाई

गाळलेलं १० मि.ली. द्रावण साधारण सेकंदाला एक थेंब या वेगानं जाऊ द्या. म्हणजे तीन ते चार मिनिटं लागतात. व्हॅक्यूम लावून मिनिटात उरकलं तर अँटिबॉडीला विष पकडायला वेळच मिळत नाही. मग ५ मि.ली. धुण्याचं द्रावण (२.५ टक्के मीठ, ०.५ टक्का बायकार्बोनेट) आणि त्यानंतर ५ मि.ली. शुद्ध पाणी. बोअरिंगचं पाणी नुसतं आरओमधून काढून इथे वापरू नका. शेवटी हवा ढकलून कॉलम कोरडा करा आणि २ मि.ली. मिथेनॉलनं विष उतरवा. मिथेनॉल एकदम ढकलू नका. निम्मं आत गेल्यावर दोन-तीन मिनिटं थांबा, मग उरलेलं सोडा. हे थांबणं चुकवलं की रिकव्हरी घसरते आणि दोष कॉलमच्या बॅचला दिला जातो.

बॅच खरंच खराब असू शकते, विशेषतः मे महिन्यात. कॉलम २ ते ८ अंशांत ठेवायचे असतात, गोठवायचे नसतात. पार्सल उघडल्यावर बर्फाच्या पिशव्या कोमट लागल्या तर त्या खोक्यातला एक कॉलम आधी स्पाइक केलेल्या (मुद्दाम ठरावीक विष घातलेल्या) नमुन्यावर चालवून बघा. कॉलम फ्रिजमधून काढून लगेच वापरू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

यंत्र अफ्लाटॉक्सिनवरच राहतं

एचपीएलसीचा (द्रवातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राचा) डिटेक्टर सकाळच्या मिरचीसाठी लावलेला असतो, तिथेच वाइन सोडली जाते. ऑक्राटॉक्सिनसाठी प्रकाशाचं उत्तेजन ३३३ आणि उत्सर्जन ४६० नॅनोमीटर ठेवा. अफ्लाटॉक्सिनसाठी जोडलेला डेरिव्हेटायझर बाजूला काढा, इथे त्याची गरज नाही. मोबाइल फेजमध्ये (यंत्रातून वाहणाऱ्या द्रवात) अ‍ॅसिटोनायट्राइल, पाणी आणि अ‍ॅसिटिक आम्ल ९९:९९:२ या प्रमाणात. आम्ल राहून गेलं तर विषाचा रेणू आयन रूपात जातो, पीक (आलेखातला उंचवटा) लवकर येतं आणि मागे शेपूट सोडतं. कॉलममधून उतरवलेलं मिथेनॉल ५० अंशांच्या वर न नेता नायट्रोजनखाली उडवा आणि उरलेलं २५० मायक्रोलिटर मोबाइल फेजमध्येच विरघळवा. शुद्ध मिथेनॉलमध्ये विरघळवून १०० मायक्रोलिटर टोचलं तर पीक फाटतं.

निम्मा येणारा आकडा

ही चूक कागदावर होते, म्हणून महिनोन्‌महिने सापडत नाही. कॉलमवर १० मि.ली. गेलं, पण त्यात वाइन ५ मि.ली.च होती. ती २५० मायक्रोलिटरमध्ये आली, म्हणजे २० पट दाट झाली. व्हायलमध्ये (यंत्रात ठेवायच्या कुपीत) ६४ नॅनोग्रॅम प्रति मि.ली. आलं तर वाइनमध्ये ३.२ मायक्रोग्रॅम प्रति लिटर, नापास. हिशेबात १० मि.ली. धरले की तीच वाइन १.६ दाखवते आणि पास होते. मर्यादेवरची वाइन व्हायलमध्ये ४० देते, म्हणून कॅलिब्रेशन २ ते ८० पर्यंत ठेवा. मिरचीचा जुना आलेख उचलू नका.

प्रत्येक बॅचबरोबर एक स्पाइक चालवा. १० मि.ली. स्वच्छ वाइनमध्ये ०.२ मायक्रोग्रॅम प्रति मि.ली.च्या स्टँडर्डचे (ठाऊक प्रमाणाच्या विषाच्या द्रावणाचे) १०० मायक्रोलिटर टाकले की नेमके २ नॅनोग्रॅम प्रति मि.ली. होतात. रिकव्हरी ७० ते ११० टक्क्यांत हवी. स्टँडर्डवरच शंका असेल तर ते टोल्युइन-अ‍ॅसिटिक आम्लात (९९:१) ३३३ नॅनोमीटरवर मोजा. अ‍ॅब्सॉर्बन्सला ७४.२ नं गुणलं की मायक्रोग्रॅम प्रति मि.ली. मिळतात. १० चं द्रावण साधारण ०.१३५ दाखवायला हवं.

आकडा २ च्या आसपास आला तर एका पीकवर कुणाचा माल अडवू नका. एलसी-एमएसएमएसवर (रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर) ४०४ वरून २३९ हे संक्रमण बघा, किंवा बोरॉन ट्रायफ्लोराइड-मिथेनॉलनं मिथाइल एस्टर करा. पीक खरं असेल तर ते मूळ जागेवरून नाहीसं होऊन उशिरा येतं.

काचसामान सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवून ठेवा, पण आधी त्यातली वाइन आणि अ‍ॅसिटिक आम्ल पाण्यानं पूर्ण धुऊन काढा. आम्लावर हायपोक्लोराइट पडलं की क्लोरिन वायू सुटतो.